मिनिडिस्क

अंकीय ध्वनिमुद्रणासाठी जपानच्या सोनी कंपनीने १९९२ मध्ये प्रचारात आणलेली तबकडी. ६४ मिमी. व्यासाची ही तबकडी प्लॅस्टिकच्या चपट्या वेष्टनात बंदिस्त असे. मुद्रण करताना तिच्यावरील चुंबकीय थर लेसर किरणाने तापवीत व त्याच वेळी दुसऱ्या बाजूच्या चुंबकीय शीर्षाने त्यावर संकेत उमटवीत. त्यामुळे तीच तबकडी पुनःपुन्हा वापरता येई. एवढ्या लहान जागेत ७४ मिनिटांचे मुद्रण मावावे म्हणून कानाला सहसा न जाणवणारे ध्वनिघटक गाळून माहिती सु. एक-पंचमांश करीत. जपानमध्ये ती लोकप्रिय झाली. अन्यत्र तिचा प्रसार बेताचाच राहिला.

तिचे खरे वैगुण्य ध्वनीच्या प्रतीत नसून नकलांवरील निर्बंधांत होते. अंकीय प्रतीवरून पुन्हा अंकीय प्रत काढता येत नसे. २००१ मध्ये संगणकाशी जोडणी शक्य झाली, परंतु ती एकतर्फी होती : संगणकावरील गाणी तबकडीवर घेता येत, मायक्रोफोनने केलेले स्वतःचे मुद्रण मात्र संगणकावर अंकीय रूपात उतरविता येत नसे. जुन्या तबकड्यांसाठी ही सोय २००६ मध्ये एका उपकरणात झाली. तोवर एमपी३ वादकांनी बाजारपेठ व्यापली होती. सोनीने कोऱ्या तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले. ज्या मुद्रणांची अन्यत्र प्रत नाही, ती आता चालू स्थितीत उरलेल्या जुन्या यंत्रांवरच ऐकता येतात.