कबुलायत आणि कोष : सावंतवाडी संस्थानच्या महसुलाचा एक विचार

वेंगुर्ल्याच्या बंदरातून निघून सावंतवाडीमार्गे बेळगावकडे जाणारा रस्ता सह्याद्री चढतो तो आंबोलीच्या घाटात. इंग्रजांच्या काळात दक्षिणेतील छावण्यांची रसद याच वाटेने वर जात असे. त्या वाटेवरील मुक्कामाचे ठिकाण म्हणून आंबोलीचे महत्त्व वाढले, आणि कर्नल वेस्ट्रॉप या पोलिटिकल अधिकाऱ्याने तेथे थंड हवेचे ठिकाण वसविले. प्रवाशाला येथील धुके व धबधबे दिसतात. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र येथे दोन साधे प्रश्न विचारावयास हवेत. या भूमीचा कर कोण भरीत होते? आणि तो कोठे जात होता?

सावंतवाडी हे सुमारे सव्वानऊशे चौरस मैलांचे लहान संस्थान होते. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या राज्याचे उत्पन्न स्वाभाविकपणे तीन मार्गांनी यावयाचे : भातशेतीचा सारा, बंदरावरील जकात आणि घाटवाटेवरील जकात. यांपैकी पहिला तेवढा संस्थानाच्या हाती उरला. १८१२ च्या तहाने वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. पेशवाईच्या अस्तानंतर १८१९ साली संस्थानाने इंग्रजांचे संरक्षण पत्करले, तेव्हा रेडीचा यशवंतगड, निवतीचा किल्ला आणि त्यांसोबत किनारपट्टीही गेली. १८३८ साली गैरकारभाराचे कारण दाखवून इंग्रजांनी राज्यकारभार आपल्या हाती घेतला. त्याच वर्षी जकातीचा हक्क ठराविक मोबदल्यावर इंग्रज सरकारकडे गेला. व्यापार वाढला तरी वाढीचा लाभ दुसऱ्याचा आणि मोबदला मात्र ठरलेला, अशी ही व्यवस्था होती.

१८४४ साली कोल्हापूरच्या गडकऱ्यांच्या उठावाबरोबर सावंतवाडीतही बंड झाले. युवराज अण्णासाहेब त्यात सामील झाले आणि पुढे त्यांना गोव्यात आश्रय घ्यावा लागला. कालांतराने त्यांचा वारसाहक्क मान्य करताना इंग्रजांनी जी अट घातली ती ध्यानात घेण्याजोगी आहे. बंड मोडण्यास आलेला खर्च संस्थानाने भरून द्यावा, अशी ती अट होती. बंड केले सरदारांनी व युवराजाने, ते मोडले इंग्रजांनी, आणि त्याचा बोजा अखेर पडला तो नांगर धरणाऱ्यावर. कारण संस्थानाच्या कोषात भर घालणारा दुसरा मोठा स्रोत उरलाच नव्हता. १८३८ पासून १९२४ साली बापूसाहेब महाराजांना पूर्ण अधिकार मिळेपर्यंत कारभाराची सूत्रे बहुतांशी इंग्रज अधिकाऱ्यांकडेच राहिली.

हेच तत्त्व शेजारच्या गोव्यासंबंधीही दिसते. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये गोव्यातील मीठ व अबकारीची व्यवस्था इंग्रजांनी घेतली आणि मोबदल्यात वर्षाला चार लाख रुपये देण्याचे ठरले. १८८० साली अमलात आलेला हा करार १८९२ मध्ये संपुष्टात आला. पोर्तुगालसारखे युरोपीय राष्ट्रही जकातीच्या बाबतीत तडजोड करते, तेथे सावंतवाडीची काय कथा!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन व अर्थनीतीवर प्रबंध सादर केला. १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८७१ पासून प्रांतांना स्वतंत्र अंदाजपत्रके मिळाल्यासारखी दिसली, तरी कायद्याच्या दृष्टीने कोष केंद्राचाच राहिला, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. अंदाजपत्रक स्वतंत्र असणे वेगळे आणि अर्थसत्ता स्वतंत्र असणे वेगळे. तो ग्रंथ संस्थानांविषयी नाही. परंतु सावंतवाडीचा कारभार समजून घेण्यास ही कसोटी उपयोगी पडते.

आता आंबोलीकडे वळू. आंबोली, चौकुळ व गेळे या गावांत संस्थानकाळापासून ‘कबुलायतदार गावकर’ ही पद्धत चालत आली. गावाचा सारा भरण्याची कबुलायत गावकरांनी सामुदायिकरीत्या दिलेली असे. सरकारला एकेका कुळाचा हिशेब ठेवावा लागत नसे. वसूल खात्रीचा होई. परंतु कराची नोंद हीच जमिनीच्या हक्काची नोंद ठरते. ज्याचे नाव कबुलायतीत नाही, तो पिढ्यान् पिढ्या राबला तरी कागदावर त्याचे अस्तित्व नसते. संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, पण हा प्रश्न विलीन झाला नाही. पुढे सात-बारावर शासनाचे नाव लागले, तेव्हा खुद्द गावकरांनाही आपल्या जमिनीसाठी आंदोलने करावी लागली. नाव नसणे म्हणजे काय, हे गावकुसाबाहेरच्या माणसाला फार आधीपासून ठाऊक होते.

म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये उभा असलेला मध्यस्थ दूर व्हावा, हा खोती विधेयकाचा गाभा होता. राबणाऱ्याला त्याच्या श्रमाचा मोबदला हक्काने मिळावा, हा वतन विधेयकाचा हेतू होता.

पालि वाङ्मयाच्या वाचकाला येथे दीघनिकायातील कूटदन्तसुत्ताचे स्मरण होते. राजा महाविजित यज्ञ करू इच्छितो, पण त्याच्या जनपदात लुटालूट माजलेली आहे. पुरोहित त्याला बजावतो की, अशा वेळी नवा ‘बलि’ म्हणजे कर बसविणे हे अकृत्य ठरेल. वध-बंधनानेही उपद्रव शमणार नाही. शेतकऱ्यास बीज, व्यापाऱ्यास भांडवल आणि राजसेवकास वेतन द्यावे. राजा तसे करतो आणि परिणामी राजाच्या कोषाची राशीही वाढते, असे सुत्त सांगते. सम्राट अशोकाने लुंबिनी ग्रामास ‘बलि’ माफ केला आणि तेथील राजभाग आठव्या हिश्श्यावर आणला, हे तेथील स्तंभलेखात आजही वाचावयास मिळते.

या कसोटीवर सावंतवाडीचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. १८४४ च्या बंडानंतर जनपदाला बीज मिळाले नाही. मिळाला तो दंड. इंग्रजांनी रस्ते बांधले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु रस्ता कोणाच्या मालासाठी आणि त्यावरील जकात कोणाच्या कोषासाठी, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. कर घेणाऱ्याने कर देणाऱ्याला उत्तर द्यावे लागते, तेथेच राज्य सुरू होते. आणि ते उत्तर मागण्यासाठी कर देणाऱ्याचे नाव प्रथम कागदावर यावे लागते.