नंदादीपाचे तेल

जुने शिलालेख आणि ताम्रपट चाळताना एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. देवापुढे नंदादीप तेवत राहावा अशी ज्याला इच्छा झाली, त्याने दीपाच्या स्तुतीवर भागविले नाही. त्या दीपास लागणारे तेल कोठून यावयाचे, याची तरतूद त्याने कोरून ठेवली. कोणी जमिनीचा तुकडा दिला, कोणी तेलघाण्याच्या उत्पन्नाचा भाग लावून दिला. अखंड ज्योतीला अखंड तेल लागते, हे व्यवहारज्ञान आपल्या पूर्वजांच्या भक्तीत मुरलेले होते. रुग्णालयांतील परिचारिकांच्या बाबतीत मात्र ते आपण विसरलो. दीपाला नमस्कार पुष्कळ झाले. तेलाचा हिशेब कोणी मागितला नाही. या विस्मृतीचा थोडा इतिहास वाचकांपुढे मांडावा, असे आम्हांस वाटते.

आधुनिक परिचर्येची मूर्ती म्हणजे हाती दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांमधून फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ती ३८ स्त्रियांसह स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेली, तेव्हापासून तिच्या हातातील दिवा जगाने डोक्यावर घेतला. पण तिच्या दुसऱ्या हातात वही होती, हे फारसे कोणी सांगत नाही. किती सैनिक जखमांनी मेले, किती घाणीने आणि रोगांनी मेले, याचे कोष्टक मांडून तिने सरकारला जाब विचारला. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने तिला आपली पहिली स्त्रीसदस्य करून घेतले, ते याच कामामुळे. सेवेला आकड्यांचा आधार नसेल तर सेवा करणारा आणि सेवा घेणारा दोघेही मरतात, हा तिचा खरा धडा होता.

हिंदुस्थानात हे शास्त्र आले तेव्हा आपल्या समाजाने त्याचे स्वागत कसे केले, हे आठवणे सुखाचे नाही. मुंबईत १८८६ साली स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. त्याच सुमारास शहरात परिचारिकांचे शिक्षणही मूळ धरू लागले. परंतु परक्याचे रक्त-मळ हाताळणे, परपुरुषाच्या अंगाला हात लावणे, रात्री घराबाहेर राहणे, ही कामे कुलीन म्हणविणाऱ्या घरांना हीन वाटत होती. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले आणि त्या संस्थेने स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली, तेव्हा तिला याच विटाळाच्या भिंतीशी झगडावे लागले. दीर्घकाळ हे काम मोठ्या प्रमाणावर ख्रिस्ती भगिनींनी उचलले, हे ऋण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ज्या कामाला समाज हलके मानतो त्याला माणसे मिळत नाहीत. आणि जी मिळतात त्यांच्यावर दुप्पट ओझे पडते.

त्या ओझ्याचे माप १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने दिले. ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिका होत्या सुमारे ७,०००. म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. त्याच वेळी ब्रिटनमध्ये ३०० लोकांमागे एक परिचारिका होती. स्वतंत्र भारताला आरोग्याच्या खात्यात मिळालेला वारसा तो हा.

पुढे कायदे झाले. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाने शिक्षणाचा दर्जा देशभर एकसारखा करण्याची व्यवस्था केली. वकिलीच्या सवयीने आम्ही तो अधिनियम वाचला, तेव्हा एक उणीव मनात राहिली: परिचारिका कशी घडवावी हे त्यात आहे, तिच्यावर एका वेळी किती रुग्ण सोपवावेत हे त्यात नाही. परिषदेने पुढे मानक ठरविले: अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे एक, सामान्य रुग्णालयात ५ मागे एक, आणि रजेवर जाणाऱ्यांच्या बदली आणखी ३० टक्के. मानक उत्तम आहे. पण मानक म्हणजे आज्ञा नव्हे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांचे वेतन कोठेही महिना २०,००० रुपयांहून कमी नसावे अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली. १९४७ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी २०२३ साली नवा कायदा झाला. त्याचाही भर शिक्षण, नोंदणी आणि व्यवसायाचे नियमन यांवरच आहे.

या इतिहासात एक प्रकरण असे आहे की, ते आठवले म्हणजे मन स्तब्ध होते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची अरुणा शानभाग ही मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, कामाची पाळी संपवून घरी निघण्याच्या वेळी, रुग्णालयाच्याच आवारात तिच्यावर अमानुष हल्ला झाला. ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. १८ मे २०१५ रोजी तिचा अंत झाला, तोपर्यंत तिच्या सहकारी परिचारिकांनी तिला सांभाळले. १५,००० हून अधिक दिवस. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या तर सुमारे ४५,००० पाळ्या. तिला शांतपणे मरू द्यावे, अशा अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला, आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या सेवकवर्गाचा मानला. तो गौरव यथार्थच होता. पण त्या ४५,००० पाळ्यांपैकी प्रत्येक पाळीत त्याच हातांवर इतर रुग्णही होते, याची आठवण किती जणांना झाली असेल? त्यागाची कथा ऐकून आपले डोळे भरून येतात, आणि डोळे भरून आले म्हणजे आकडे दिसत नाहीत.

सतत अपुऱ्या मनुष्यबळाने काम केले म्हणजे माणूस आतून विझू लागतो. इंग्रजीत याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची नोंद करताना त्याला रोग म्हटले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ न आवरलेला ताण हे त्याचे मूळ सांगितले. आमच्या मते हा शब्दभेद फार मोलाचा आहे. दोष वातीचा नाही. तेल घालणाऱ्याचा आहे.

कोणी म्हणेल, सेवेचे मोजमाप करणे म्हणजे सेवेचे पावित्र्य घालविणे होय. त्यांनी आपल्याच देवळात डोकावून पाहावे. तेथे सेवेच्या पाळ्या बांधलेल्या असतात. ज्याची पाळी आहे त्याला सोयर-सुतक आले, तर बदली कोण करणार हेही ठरलेले असते. एकाच सेवेकऱ्याने अहोरात्र गाभाऱ्यात उभे राहावे, असे देवानेही कधी मागितले नाही. परिषदेने सांगितलेले ३० टक्के जादा मनुष्यबळ म्हणजे याच शहाणपणाचे आधुनिक रूप आहे.

आपल्या समाजाचे दातृत्व मोठे आहे. रुग्णालयाला खाट देणारे, वॉर्ड बांधून देणारे, त्यावर वडिलांच्या नावाची फरशी बसविणारे दाते आम्ही पुष्कळ पाहिले. परिचारिकेच्या एका जागेचा पगार कायमचा लावून देणारा दाता आमच्या पाहण्यात नाही. यापुढे कोणी खाट अर्पण करील, तेव्हा त्याने संस्थेला एवढेच विचारावे: रात्रीच्या पाळीत या खाटेपाशी कोण उभे राहणार, आणि त्या वेळी तिच्याकडे आणखी किती खाटा असतील? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत दानपत्रावर सही करू नये.