सेपरेशन (विवाहविषयक)

विवाह कायम ठेवून पती-पत्नीने वेगळे राहणे. कायद्यातील पूर्ण संज्ञा ‘ज्युडिशियल सेपरेशन’. मराठीत न्यायिक विभक्तता किंवा न्यायिक फारकत. बोलण्यात मात्र शब्द सैल वापरला जातो. नालासोपाऱ्यात ‘त्यांचं सेपरेशन झालंय’ असे कानी आले, तर बायको माहेरी गेली इथपासून घटस्फोट झाला इथपर्यंत काहीही समजावे लागते. या सैलपणाचा फटका बहुधा बाईला बसतो.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ बौद्ध आणि जैनांनाही लागू आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे न्यायालयाने हुकूमनामा दिला की एकत्र राहण्याचे बंधन उरत नाही. लग्न मात्र टिकते. दोघांपैकी कोणालाही दुसरे लग्न करता येत नाही, केल्यास तो गुन्हा ठरतो. एकमेकांचा वारसाहक्कही शाबूत राहतो. समेट झाल्यास हुकूमनामा रद्द करून घेता येतो; वर्षभर सहवास पुन्हा सुरू झाला नाही, तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो.

नोटरीपुढे स्टँपपेपरवर ‘आम्ही राजीखुशीने वेगळे झालो’ असे लिहून देण्याने घटस्फोट होत नाही. जमातीत रूढीने काडीमोड मान्य असेल, तर ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. अशा कागदात आणखी एक धोका आहे, आणि सही करण्यापूर्वी तो प्रत्येकीला कोणीतरी सांगायलाच हवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) परस्परसंमतीने वेगळी राहणारी पत्नी पोटगीस पात्र धरली जात नाही. छळाला कंटाळून बाहेर पडलेली बाई भांडण मिटावे म्हणून ‘संमती’ लिहून देते आणि पुढे तोच कागद तिच्याविरुद्ध पुढे केला जातो.

परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी (हिंदू विवाह अधिनियमाचे कलम १३ब, १९७६ ची दुरुस्ती) किमान वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. मात्र वेगळे राहणे म्हणजे वेगळे छप्पर नव्हे. एकाच घरात राहूनही पती-पत्नी म्हणून नांदत नसतील तर ते वेगळेच, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुरेष्टा देवी खटल्यात लावला. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या, दुसऱ्या खोलीचे डिपॉझिट आणि भाडे न झेपणाऱ्या जोडप्यांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे.

नालासोपारा पश्चिमेकडील निर्मळ, गास, वाघोली या पट्ट्यात कॅथलिक वस्ती जुनी आहे. ख्रिस्ती विवाहांना १८६९ चा घटस्फोट अधिनियम लागू. त्यात विभक्ततेची तरतूद कलम २२ मध्ये आहे. चर्चही गंभीर कारणासाठी विभक्त राहू देते, पण दिवाणी घटस्फोटाने विवाहबंध तुटला असे मानत नाही. त्यामुळे न्यायालयातून मोकळ्या झालेल्या व्यक्तीलाही, चर्चने आधीचा विवाह मुळात अवैध ठरवल्याखेरीज, जोडीदार हयात असेपर्यंत चर्चमध्ये पुन्हा लग्न लावता येत नाही.

लग्न कोकणातल्या गावी आणि संसार नालासोपाऱ्यात, अशी इथली अनेक कुटुंबे आहेत. हिंदू विवाह अधिनियमाप्रमाणे लग्न जिथे लागले, दोघे शेवटी जिथे एकत्र राहिले किंवा समोरचा पक्ष जिथे राहतो, तिथल्या न्यायालयात अर्ज चालतो. २००३ पासून पत्नीला ती सध्या राहते त्या ठिकाणीही अर्ज करता येतो. वकिलाच्या फीसाठी तिने अडून राहू नये: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला मोफत वकील मागता येतो.