बिऱ्हाड पाठीवर

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण सहज वापरतो. विंचवाची सोय देवानेच करून ठेवली आहे. माणसाला मात्र बिऱ्हाड हलवायचे म्हटले की गाडी पाहिजे, आणि गाडी आली की तिच्यामागून एक जुना प्रश्न येतो. सामान पोचले, आता रिकामी गाडी परत कोणी न्यायची? गाडीवान जाण्याचे भाडे घेतो, तसे येण्याचेही धरूनच सांगतो. दोन कोसांच्या वाटेला त्याचे काही वाटत नाही. पण बिऱ्हाड हजार मैलांवर न्यायचे असेल तर? गरिबाची निम्मी पुंजी त्या रिकाम्या चाकांवरच खर्च व्हायची. या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत कसे सापडले, त्याची हकीकत आज सांगायची आहे.

अमेरिकेचा इतिहास हा पुष्कळसा बिऱ्हाडे हलवण्याचाच इतिहास आहे. 1840 नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत हजारो कुटुंबे मिसुरी नदीच्या काठावरून पश्चिमेकडच्या ऑरेगनला निघाली. वाट सुमारे 2000 मैलांची, म्हणजे 3200 किलोमीटरांची. कापडी छताच्या गाड्या, पुढे बैल, आणि प्रवास चार ते सहा महिन्यांचा. चढ आला आणि बैल थकले की लोक जड वस्तू वाटेतच टाकून देत. लोखंडी चुली, पेट्या, आजीच्या वेळची कपाटे त्या वाटेच्या कडेला पडून राहिली. त्यांच्यापुढे गाडी परत पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. गाडी स्वतःची असे आणि माणसेही सहसा परत फिरत नसत.

1869 साली आगगाडी देश ओलांडून पश्चिम किनाऱ्याकडे पोचली. पुढे मोटारी आल्या. 1925 साली फोर्ड कारखान्याने आपल्या प्रसिद्ध टी मॉडेलला मागे उघडा हौदा बसवून विकायला सुरुवात केली. शेतकऱ्याच्या हाती पिकअप आला तो असा. 1930 नंतरच्या दशकात मधल्या सपाट प्रदेशात अवर्षण पडले, धुळीची वादळे उठली, आणि सुमारे 25 लाख माणसे त्या राज्यांतून बाहेर पडली. जुन्या मोटारींवर गाद्या, भांडी, खुर्च्या दोरांनी आवळून कित्येक कुटुंबे कॅलिफोर्नियाच्या रस्त्याला लागली. मोटारीवर मावेल तेवढाच संसार. बाकीचा मिळेल त्या भावाने विकायचा.

मग दुसरे महायुद्ध आले आणि 1945 साली संपले. लाखो सैनिक घरी परतू लागले. युद्धाच्या कारखान्यांसाठी गाव सोडून गेलेले कामगारही नव्या ठिकाणी काम शोधू लागले. याच उन्हाळ्यात नौदलातून मोकळा झालेला 29 वर्षांचा सॅम शोएन आपली पत्नी ॲना मेरी हिच्यासह लॉस एंजेलिसहून पोर्टलंडकडे निघाला. हे अंतर सुमारे 1000 मैल. मोटारीमागे जोडायला एक ट्रेलर भाड्याने मिळावा अशी त्यांची इच्छा होती. ट्रेलर म्हणजे आपण ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडतो ना, तशीच मागे ओढायची गाडी, फक्त आकाराने लहान. गावोगावी असे ट्रेलर भाड्याने देणारे लोक होते. पण अट एकच: जिथून न्याल तिथेच आणून द्या. हजार मैल जाऊन ट्रेलर परत करायला पुन्हा हजार मैल कोण येणार? शेवटी मोटारीत मावले तेवढेच सामान त्यांनी बरोबर घेतले.

अशी अडचण लाखो लोकांना आली असेल. या जोडप्याने मात्र तिच्यातच धंदा पाहिला. वॉशिंग्टन राज्यात रिजफील्ड येथे ॲना मेरीच्या माहेरची शेतीवाडी होती. साठवलेले 5000 डॉलर घालून त्यांनी तिथे ट्रेलर बांधायला घेतले आणि त्यांना दुरून उठून दिसेल असा नारिंगी रंग दिला. कंपनीचे नाव ‘यू-हॉल’. तिचा अर्थ सरळ आहे: तुम्हीच ओढा.

आता नीट लक्ष द्या. ट्रेलर ही काही नवी वस्तू नव्हती; कोणताही लोहार-सुतार तो बांधून देऊ शकला असता. नवी होती ती व्यवस्था. ट्रेलर एका गावात घ्यायचा आणि दुसऱ्या गावात सोडायचा, हे जमायला दुसऱ्या गावात तो ताब्यात घेणारा माणूस हवा. प्रत्येक गावी दुकान उघडायला पैसा कुठला? शोएनने पेट्रोल पंपवाल्यांना गाठले. पंपाशेजारी मोकळी जागा असतेच. तिथे ट्रेलर उभा करायचा, भाड्याने द्यायचा आणि आपला हिस्सा घ्यायचा. जिथे असा माणस नव्हता तिथे गिऱ्हाईकालाच सांगितले जाई, ‘तुम्ही जाताय त्या गावी एखादा पंपवाला तयार करा, भाड्यात सूट देतो.’ असे गिऱ्हाईकच धंद्याचे जाळे विणू लागले. 1949 च्या अखेरीस देशाच्या बहुतेक भागांत एका शहरातून दुसऱ्या शहरात एकेरी भाड्याने ट्रेलर नेता येऊ लागला. 1955 पर्यंत ट्रेलरांची संख्या 10,000 च्या वर गेली. 1956 साली राष्ट्रीय महामार्गांचा मोठा कायदा झाला आणि वाटा अधिक सोप्या झाल्या. 1959 पासून कंपनीने भाड्याचे ट्रकही आणले.

स्वतः ओढण्यात पैसा वाचतो, पण जबाबदारी अंगावर येते. पिकअपच्या मागे एक पोलादी गोळा असतो. ट्रेलरच्या दांडीचे टोक त्यावर बसवून कुलूपबंद करायचे. खालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन लावायच्या, म्हणजे जोड निसटला तरी दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत अडकते. मागच्या दिव्यांच्या तारा जोडायच्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे भार. बैलगाडीत मागे जास्त भरले की गाडी उलाळ होते, हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. ट्रेलरचेही तसेच आहे. शंभरातला साठ भाग भार चाकांच्या पुढे हवा. मागे भार झाला की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि पुढच्या गाडीलाही ओढून नेतो. म्हणून वेग ताशी 55 मैलांच्या, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरांच्या आत ठेवायला सांगतात. झोके सुरू झालेच तर घाबरून ब्रेक दाबायचा नाही. चाक सरळ धरायचे आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घ्यायचा. हे जाणले नाही तर संसाराबरोबर संसार करणारेही वाटेतच राहायचे.

मग रिकाम्या गाडीचा प्रश्न सुटला का? पूर्णपणे नाही. तो गिऱ्हाईकाच्या डोक्यावरून उतरून कंपनीच्या डोक्यावर गेला. ज्या गावाहून माणसे निघून जातात तिथे गाड्या कमी पडतात आणि जिथे माणसे येतात तिथे गाड्यांचा ढीग साचतो. म्हणून आजही तेवढ्याच अंतराला जाण्याचे भाडे एक आणि येण्याचे दुसरे असू शकते. अलीकडच्या काळात कॅलिफोर्नियातून बाहेर पडायला पुष्कळ जास्त पैसे पडले आणि तिकडे जायला कमी. लोक कुठून कुठे चालले आहेत, हे जनगणनेच्या आधी भाड्याच्या दरावरून कळते, ते असे.

शिक्षक बंधु-भगिनींनो, इतिहासाच्या तासाला आपण लढाया आणि तह शिकवतो, ते योग्यच आहे. पण ज्या वर्षी महायुद्ध संपले त्याच वर्षी एका गोठ्यावाड्याच्या आवारात ट्रेलर बांधले गेले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. ऑरेगनच्या वाटेवर ज्या चुली आणि कपाटे टाकून द्यावी लागली, ती शंभर वर्षांनी लोकांच्या मागोमाग नव्या घरी पोचू लागली. त्यासाठी कोणता मोठा शोध लागला नाही. अनोळखी गावातला एक पंपवाला आपली वस्तू सांभाळील, एवढा भरवसा धरावा लागला. मुलांना एकदा जरूर विचारा: तुमच्या घरातली सर्वांत जुनी वस्तू कोणती, ती कुठून आली आणि कोणत्या गाडीतून आली? उत्तरे ऐकताना इतिहास आपल्या उंबऱ्यापर्यंत आल्यासारखा वाटेल.