ज्वारीच्या भाकरीतलं लोह: अंगी किती लागतं, हे कसं ठरतं?

"डॉक्टर, भाकरी, पालक, बीट सगळं खाते, तरी हिमोग्लोबिन का वाढत नाही?" हा प्रश्न रुग्ण आणि नातेवाईक नेहमी विचारतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे.

अन्नात लोह असणं, ते आतड्यातून शोषलं जाणं आणि त्यामुळे शरीरातला साठा वाढणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पोषणशास्त्र त्या वेगवेगळ्या तपासतं.

१. अन्नात लोह किती?

हे प्रयोगशाळेत मोजता येतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने मिळून 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण विकसित केलं. ते २०१८ मध्ये प्रसारित झालं. त्याच्या एक किलो दाण्यात सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असतं. नेहमीच्या वाणांत हे प्रमाण साधारण ३० आणि २० मिलिग्रॅम असतं.

आता घरचा हिशोब करू. दिवसाला २०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर साध्या ज्वारीतून सुमारे ६ आणि परभणी शक्तीतून सुमारे ९ मिलिग्रॅम लोह मिळेल. प्रौढ स्त्रीसाठी रोजच्या आहारात २९ मिलिग्रॅम लोह असावं, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. म्हणजे भाकरीचा वाटा मोलाचा आहे, पण पुरेसा नाही. बिटाच्या १०० ग्रॅममध्ये तर एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी लोह असतं. त्याचा लाल रंग लोहामुळे नसतो, त्यामुळे रंगावरून रक्तवाढीचा अंदाज बांधू नये.

२. शोषलं किती जातं?

धान्य-डाळींतल्या लोहाचा थोडाच भाग शोषला जातो. धान्यातलं फायटेट आणि चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतात. शोषण मोजण्यासाठी किरणोत्सारी नसलेलं, पण ओळखता येणारं लोह अन्नात मिसळून देतात. काही दिवसांनी त्यातलं किती रक्तपेशींत आलं, हे तपासतात. बेळगाव भागातल्या सुमारे दोन वर्षांच्या ४० मुलांवरील असा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या बाजरीच्या पदार्थांतून दिवसाला सरासरी ०.२३ मिलिग्रॅम लोह शोषलं गेलं, तर लोहयुक्त बाजरीतून ०.६७ मिलिग्रॅम.

३. शरीरात फरक पडतो का?

हे माणसांचे दोन गट करून पाहावं लागतं. महाराष्ट्रातील शाळकरी मुलांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ ते १६ वर्षांची २४६ मुलं होती. एका गटाला लोहयुक्त बाजरीची भाकरी दिली, दुसऱ्याला साध्या बाजरीची. चार महिन्यांत पहिल्या गटात फेरीटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचं मोजमाप, जास्त वाढलं. सुरुवातीला ज्यांच्यात लोहाची कमतरता होती, त्यांना अधिक फायदा झाला.

हे निष्कर्ष बाजरीचे आहेत. परभणी शक्तीत लोह जास्त आहे, हे खरं. पण बाजरीचे आकडे तिला जसेच्या तसे लावता येत नाहीत. कोणत्याही पदार्थाचे गुण ऐकले की एवढंच विचारा: हे दाण्यात मोजलंय, की माणसात?

घरी काय करावं?

- भाकरीसोबत लिंबू, आवळा किंवा पेरू घ्या. 'क' जीवनसत्त्वामुळे लोहाचं शोषण वाढतं.
- चहा-कॉफी जेवणाच्या आधी-नंतर किमान एक तास टाळा.
- डाळी, मोड आलेली कडधान्यं, पालेभाज्या रोज ठेवा. मांसाहार करत असाल तर मटण, मासे, चिकनमधलं लोह अधिक सहज शोषलं जातं.

गोळ्या बंद करू नका

साधारणपणे स्त्रियांत १२, गरोदरपणी ११ आणि पुरुषांत १३ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या सरकारी लोहगोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. रक्तक्षय झाल्यावर ही तूट नुसत्या भाकरीने वेळेत भरून निघत नाही. गरोदरपणी तर वाट पाहणं आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं ठरू शकतं. गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमसोबत घेऊ नका. मळमळ झाल्यास जेवणानंतर घ्या. या गोळ्यांनी शौच काळी होते. त्याला घाबरू नका. हिमोग्लोबिन वाढल्यावरही साठा भरण्यासाठी डॉक्टर सांगतील तोवर गोळ्या चालू ठेवा.

धाप लागणं, छातीत धडधड, पाळीत जास्त रक्तस्राव, किंवा लोहगोळी चालू नसताना डांबरासारखी काळी शौच होत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत हिमोग्लोबिन कमी असेल, तर शरीरात कुठे रक्तस्राव होतो आहे का, हे शोधावं लागतं. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असल्यास तपासणीशिवाय लोहगोळ्या घेऊ नयेत.