बुडीत खातं

माझा भाचा पिट्सबर्गला असतो. मागे आला तेव्हा त्याच्या बॅगेतला एक पिवळाधमक टॉवेल आमच्या सौभाग्यवतींनी ओटा पुसायला घेतला, तर हा असा किंचाळला की शेजारी धावत आले. तो टॉवेल म्हणजे स्टीलर्स या फुटबॉल संघाचा झेंडा! 1975 पासून तिथली माणसं तो मैदानात गरागरा फिरवतात. (हा फुटबॉल बहुतेक वेळ हातानेच खेळतात. असो.)

मग त्याने संघाचा इतिहास सांगितला आणि माझ्यातला कारकून जागा झाला. 1933 साली आर्ट रूनी नावाच्या गृहस्थांनी संघ काढला आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं हे खातं बुडीतच. 1944 साली, खेळाडू युद्धावर गेलेले म्हणून, शिकागोच्या संघाशी भागीदारी केली आणि दहाच्या दहा सामने हरले. 1955 साली जॉनी युनायटस नावाच्या पोराला एकही सामना न खेळवता घरी पाठवलं. त्याने 1958 आणि 1959 ला बाल्टिमोरला अजिंक्यपद मिळवून दिलं!

1969 साली चक नॉल प्रशिक्षक झाले. पहिला सामना जिंकले आणि उरलेले तेराही हरले. आमच्याकडे एका तिमाहीत ठेवी घटल्या की मॅनेजरसाहेबांचं बिऱ्हाड ट्रकमध्ये चढतं. रूनींनी मात्र नॉलना हलवलं नाही. ते 1991 पर्यंत राहिले.

नॉलनी जुनी माणसं हळूहळू काढली आणि कॉलेजातली पोरं पारखून घेतली. तिथे सगळ्यात हरणाऱ्या संघाला नवे खेळाडू निवडायचा पहिला मान असतो. 1970 साली शिकागो बेअर्सही तितकेच हरलेले, तेव्हा चक्क नाणं उडवलं आणि टेरी ब्रॅडशॉ पिट्सबर्गच्या पदरात पडला. पण नाणं दरवर्षी थोडंच साथ देतं? खरं काम केलं बिल नन यांनी. हे कृष्णवर्णीयांच्या 'पिट्सबर्ग कुरिअर'चे क्रीडा-पत्रकार. दक्षिणेकडच्या ज्या कृष्णवर्णीय कॉलेजांकडे इतर संघ धड बघतही नव्हते, तिथे यांची घरच्यासारखी ये-जा. जॉन स्टॉलवर्थ तिथलाच. 1974 च्या एकाच निवडीत त्याच्यासकट चार असे खेळाडू मिळाले, की पुढे चौघेही 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेले. जानेवारी 1975 ते जानेवारी 1980 या काळात चार अजिंक्यपदं!

माझा जीव मात्र 23 डिसेंबर 1972 मध्ये अडकलाय. तोवर बाद फेरीचा एकही सामना जिंकलेला नव्हता. समोर ओकलंड रेडर्स, 6-7 अशी पिछाडी, बावीस सेकंद उरलेले. ब्रॅडशॉने फेकलेला चेंडू आदळून उलटा उडाला. जमिनीला टेकणार एवढ्यात फ्रँको हॅरिसने तो उचलला आणि जो पळत सुटला तो थेट रेषेपलीकडे. 13-7! सगळं मैदान वेडं झालं.

रूनींनी हे पाहिलंच नाही. हरलेल्या पोरांची समजूत काढायला म्हणून ते निघाले होते आणि त्या क्षणी लिफ्टमध्ये होते.