उलटे फिरणारे स्वर : डिजिटल गिटार अँपची परीक्षा

चित्रपटात पुढे धावणाऱ्या टांग्याची चाके उलटी फिरताना आपण सर्वांनी पाहिली आहेत. सेकंदाला २४ चित्रे त्या वेगाला अपुरी पडतात आणि डोळा फसतो. ध्वनीतील याच फसगतीला ‘एलियासिंग’ म्हणतात.

तिचे गणित गिटारसाठी मांडलेले नव्हतेच. हॅरी नायक्विस्ट यांचा १९२८ चा निबंध तारायंत्राविषयीचा. १९४९ मध्ये क्लॉड शॅनन यांनी तत्त्व स्पष्ट केले : सेकंदाला जितके नमुने घ्यावेत, त्याच्या निम्म्याखालील वारंवारताच खरी उतरते. ४८,००० नमुन्यांना सीमा २४,००० हर्ट्झची.

गिटारचा २४ व्या पडद्यावरील स्वर १,३१९ हर्ट्झचा. मग भय कसले? डिस्टॉर्शनचे. व्हॉल्व्ह अँप लहरीचे माथे छाटतो, त्यातून उपस्वरांची रांग उभी राहते. व्हॉल्व्हला वरची अशी भिंत नसते. १९९६ चा लाइन सिक्सचा ‘अ‍ॅक्सिस २१२’ किंवा १९९८ चा राजम्याच्या आकाराचा तांबडा ‘पॉड’ तेच छाटणे आकड्यांत करू लागला, तेव्हा सीमेपलीकडचे उपस्वर घडी पडून खाली येण्याचा प्रश्न उभा राहिला. उपाय म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग : हिशेब कित्येक पट वेगाने करायचा, वरचे गाळायचे, मग मूळ वेगावर यायचे. प्रोसेसरला मात्र हा खर्च भारी.

परीक्षा सोपी आहे. ५,००० हर्ट्झची शुद्ध साइन लहर सोडा, गेन वाढवा. १०, १५, २० हजार हे न्याय्य वारस. पण २५,००० चा उपस्वर २३,००० वर, ३५,००० चा १३,००० वर आणि ४५,००० चा थेट ३,००० वर उतरतो. मूळ स्वराच्याही खाली! एकाच शुद्ध लहरीतून असा स्वर व्हॉल्व्ह निर्माण करत नाही. पुरावा म्हणून मला हाच सर्वांत बोलका वाटतो.

तरीही आलेखात दिसले म्हणजे कानाला ऐकू आले, असे नव्हे. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० च्या वरचे बरेचसे गिळतो. २३,००० चे भूत तिथेच संपते. शिवाय अशी लहर कोणी वाजवत नाही. म्हणून दुसरी परीक्षा हवी : आवाजाची पातळी समान, यंत्रांची नावे झाकलेली, गेन पूर्ण, आणि वरच्या पडद्यांवर संथ मींड. स्वर चढत असताना मागे काही उतरत गेले, तर ते एलियासिंग.